साडेचार महिने, ५.६ किलो आणि सगळ्या वाड्याचं मत

फोंडेकरीण (४ मे, सकाळी ११:१०)
नमस्कार. पहिलंच बाळ आहे, लेक, साडेचार महिन्यांची. जन्मापासून फक्त अंगावर पाजते. बाहेरचं म्हणाल तर डॉक्टरांनी दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब, बस. परवा अंगणवाडीत वजन केलं तर ५.६ किलो भरलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

शेजारणीचा मुलगा हिच्याहून जेमतेम आठवड्याने मोठा. तो आठ किलोचा आहे, डब्याच्या दुधावर आहे आणि कोणाच्याही कडेवर बसला की बघणारा आधी त्याच्या मांड्या दाबून बघतो. मग माझ्या लेकीकडे वळून, "बारीक दिसता गो! दूद पावना काय कितें?"

सासूबाई वाईट नाहीत. बाळंतपण त्यांनीच केलं, रात्री उठून त्यांनीच सांभाळलं. पण त्यांनी ठरवलंय की पाचवा चालू आहे तोवर मंगेशीला उष्टावण उरकायचं आणि लगेच नाचण्याचं सत्त्व सुरू करायचं, म्हणजे पोर बाळसं धरेल. नणंद म्हणते रात्रीचा एक डबा दे, शांत झोपेल. त्यात हा मे महिना. चमचाभर पाणी तरी पाज म्हणून सगळे मागे लागलेत.

कार्डावरची वजनं देते. जन्माचं २.७, दीड महिन्याला ३.९, अडीचला ४.६, साडेतीनला ५.२, आता ५.६. आधी महिन्याला सहाशे-सातशे ग्रॅम वाढायची, या खेपेला फक्त चारशे. हेच मला खातंय. दूध खरंच कमी झालंय का? वरचं सुरू करू का?

रुमडाचं_पान (४ मे, ११:३२)
एक जूनपर्यंत त्या आठ किलोवाल्याच्या आईला भेटून विचारा, कंबर कशी आहे. :) बाकी जाणकार बोलतीलच.

सिस्टर_निवृत्त (४ मे, दुपारी १:०५)
फोंडेकरीणताई, आधी थोडं विचारते, मग बोलते. दिवसात शू किती वेळा? पाजताना गिळल्याचा आवाज येतो का, की नुसती चोखत पडून राहते? जागी असताना तरतरीत असते का? मान धरते का, आवाजाकडे वळते का? आणि सगळी वजनं एकाच काट्यावरची आहेत का?

फोंडेकरीण (४ मे, १:४०)
शू सात-आठ वेळा तरी, लंगोट चांगला भिजतो. गिळताना आवाज येतो, पण हल्ली पंखा हलला तरी सोडून तिकडे बघते. मान धरली, पालथी पडते, आणि हसते इतकी की बाजूच्या घरात ऐकू जातं. वजनं पहिली दोन दवाखान्यातली, नंतरची अंगणवाडीतली. शेवटच्या वेळी कपडे काढले नव्हते, दुपटं तेवढं काढलं.

सिस्टर_निवृत्त (४ मे, संध्याकाळी ६:२०)
छान. आता सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

तुम्ही आकडा बघताय, मी रेघ बघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार महिने पूर्ण झालेल्या मुलींची मधली रेघ ६.४ किलोवर असते, पाच पूर्ण झाल्यावर ६.९ वर. कमी वजन म्हणायची सीमा चारला ५.० आणि पाचला ५.४. तुमची लेक साडेचारला ५.६. मधल्या रेघेच्या खाली आहे, पण सीमेच्या वर आहे. जन्मतः २.७ म्हणजे तेव्हाही ती मधल्या रेघेच्या खालीच होती, कारण मुलींची जन्माची मधली रेघ ३.२ ची. तुमचे पाचही ठिपके जोडून बघा. जन्माला जिथे होती तिथूनच ती आपली वाट धरून वर जाते आहे. वाट बदललेली नाही. अशा बाळाला आम्ही बारकं म्हणतो, कुपोषित म्हणत नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको अंगाने कसे आहात ते लिहिलं नाहीत, पण मला अंदाज आहे.

चारशे ग्रॅमचं कोडं. बाळाची वाढ सरळ पायऱ्यांनी होत नाही. पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम, त्यानंतर वेग आपोआप उतरतो. तक्त्यातली मधली रेघसुद्धा चौथ्या-पाचव्या महिन्यात वाकते. त्याच तक्त्यात चार ते पाच महिन्यांत मुलीची वाढ अर्धा किलोच आहे. हा वेग सगळ्याच बाळांचा उतरतो. जन्माचं वजन पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट हा जुना ठोकताळा. त्यातलं दुप्पट तुमच्याकडे आधीच पुरं झालंय. २.७ चे दुप्पट ५.४.

आता शेजारच्या बाळाशी तुलना. तो मुलगा आहे. मुलांची मधली रेघ चारला ७.०, पाचला ७.५. म्हणजे तुलना मुळात दोन वेगळ्या तक्त्यांची चालली आहे. दुसरं, डब्याच्या दुधावरची बाळं तीन-चार महिन्यांनंतर सरासरीने जास्त वेगाने भरतात. हा फरक इतका ठळक आहे की जुन्या तक्त्यांनी कित्येक आयांना उगाच रडवलं. १९७७ चा अमेरिकन तक्ता जगभर वापरला जायचा आणि त्यातली बहुतेक बाळं बाटलीवरची होती. त्यावर अंगावर पिणारं बाळ ठेवलं की चौथ्या महिन्यापासून ते घसरतंय असं दिसायचं, आणि मग लगेच वरचं दूध. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली, बाळपणी अंगावरचं दूध मिळालेली. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. त्यातून २००६ मध्ये आला तो आजचा तक्ता, जो तुमच्या गुलाबी-निळ्या कार्डावर आहे. हिरवा पट्टा ठीक, पिवळ्यात गेलं तर लक्ष, नारंगीत तर धावपळ.

पाणी. मे असो की वैशाख वणवा असो, सहा महिने पाणी नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उकडतंय तर बाळ जास्त वेळा पितं, तेवढंच. पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी कुठलं यावर जुलाबाचा धोका वेगळा. घुटी, ग्राइप वॉटर, मध यांनाही तेच उत्तर. मध तर वर्षापर्यंत नाहीच, त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

पंख्याकडे बघते म्हणालात ते वयाचं आहे. काळोख्या खोलीत, एका बाजूला निवांत पाजा, तिने सोडेपर्यंत बाजू बदलू नका. आणि पुढचं वजन महिन्याने, त्याच काट्यावर, पूर्ण उघडी करून. दर आठवड्याला केलंत तर काटा बोलेल काहीही, झोप तुमची जाईल. एक ओळखीचे गृहस्थ नारळाच्या काट्यावर नात तोलायचे. मी काही बोलले नाही, नातही वाढली.

डिचोलीचा_बाबा (४ मे, रात्री ९:१५)
सिस्टर, फार उपयोगी. पण मग धोका कधी समजायचा? ‘रेघ’ म्हणता तर ती किती वाकली म्हणजे वाकडी?

सिस्टर_निवृत्त (४ मे, ९:५०)
जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळ सात ते दहा टक्के उतरतं, ते ठीक. पण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं नाही तर दाखवा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट भिजत असतील, बाळ पिण्यासाठीसुद्धा उठत नसेल, तर त्याच दिवशी. पहिल्या सहा महिन्यांत महिनाभर रेघ सपाट राहिली, किंवा बाळ आपली रेघ सोडून खालच्या दोन रेघा ओलांडून गेलं, तर वाट बघू नका. सोबत उलट्या, ताप, जुलाब, किंवा दूध पिताना धाप लागून घाम फुटणं असेल तर तातडीने, कारण ते हृदयाचंही असू शकतं. वरच्या दिशेने रेघा ओलांडणारं बाळही डॉक्टरांना दाखवावं. लोक त्याला दृष्ट लागेल म्हणून काजळ लावतात.

शुद्ध_देशी (५ मे, सकाळी ७:३०)
डबा म्हणजे कंपन्यांचं विष. आजच्या बायकांना फिगरची काळजी, म्हणून बाटली. आमच्या आयांनी आठ-आठ पोरं अंगावर वाढवली.

डबेवाली_आई (५ मे, ८:१०)
शुद्ध_देशी, तुम्ही बाई आहात की पुरुष ते माहीत नाही, पण माझ्या मुलासाठी तुम्ही रात्री जागला नव्हतात. माझी दोन्ही बाजूंची जुनी शस्त्रक्रिया झालेली आहे. दूध येतं ते वाटीच्या तळाला लागत नाही. माझा मुलगा डब्यावर वाढला, आता शाळेत जातो आणि पावसात बेडकांच्या मागे धावतो. आठ पोरं वाढवली म्हणता; त्या काळात घराघरांतून किती गेली, तेही घरात विचारा. दूध नसलं तर दाई असे, नाहीतर गाईचं दूध पाणी घालून. तेव्हा डबा नव्हता म्हणून पर्याय नव्हता.

फोंडेकरीण, तुम्हाला गरज दिसत नाही. पण ज्या आईला आहे तिला या धाग्यावर तोंड लपवायला लावू नका, एवढंच.

सिस्टर_निवृत्त (५ मे, ९:००)
डबेवाली ताईंना शंभर टक्के पाठिंबा. शुद्ध_देशी, ‘विष’ हा शब्द मागे घ्या. कंपन्यांवर राग असेल तर तो योग्य ठिकाणी काढा. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची, बाटल्यांची आणि बालआहाराची जाहिरात करता येत नाही. डब्यावर बाळाचा फोटो नसतो तो याच कायद्यामुळे. प्रसूतीनंतर कोणी हातात फुकट नमुना ठेवला तर तेही बेकायदा आहे. तिथे भांडा.

डबा लागतो तेव्हा तो नीट बनवणं हेच सगळं आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. डब्यावर लिहिलंय तेच प्रमाण, आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा. आधी पाणी, मग पावडर. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरा, कारण पावडर निर्जंतुक नसते आणि ७० अंशांच्या वर पाणी असेल तरच त्यातले जंतू मरतात. मग थंड करून पाजा. उरलेलं दोन तासांत फेकायचं. मी नोकरीत असताना सगळ्यात जास्त पाहिलेली गोष्ट म्हणजे महिनाअखेरीस डबा पुरवायला दोन चमच्यांत चार चमच्यांचं पाणी. बाळाचं पोट फुगतं, शांत झोपतं, वजन मात्र सपाट. फारच पातळ झालं तर रक्तातलं मीठ उतरून झटके येतात. उलट, भरेल म्हणून चमचा जास्त घातला तर मूत्रपिंडावर ताण. बाटलीत तांदळाचं पीठ, साखर, बिस्कीट काही नाही.

आणि बाटली ‘संपवायची’ नाही. बाळाने तोंड फिरवलं, मूठ सैल सोडली की झालं. तीस मिलि उरलंय म्हणून पुन्हा तोंडात घालणं, हीच पुढच्या जास्त वजनाची सुरुवात. बाटली आडवी धरा, मध्ये थांबा. शक्य असेल तर बोंडलं किंवा वाटी-चमचा. बाटलीच्या बुचात जेवढी घाण राहते तेवढी वाटीत राहत नाही.

शुद्ध_देशी (५ मे, ९:४५)
शब्द मागे घेतो. मत मागे घेत नाही.

डबेवाली_आई (५ मे, ९:५२)
चालेल.

पेडण्याची_आजी (५ मे, दुपारी ३:३०)
माझा नातू मला हे वाचून दाखवतो आणि मी सांगते ते टाइप करतो, म्हणून जरा लांबेल.

फोंड्याच्या सुने, सासूला दुखवू नकोस. त्यांना उष्टावण हवंय, ते धर्माला धरून आहे. पण मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. पाचव्यात करतात तसं सातव्यातही करतात. आणि सातवा लागला म्हणजे सहा पुरे झाले, जे तुझे डॉक्टर सांगतात तेच. सासूला म्हण, "आई, सातव्यात करू, तोवर सगळ्या पाहुण्यांना सवडीने कळवता येईल." देवाचा मुहूर्त आणि डॉक्टरचा मुहूर्त एकाच दिवशी येतो तर पाचव्याचा हट्ट कशाला? आणि अगदीच पाचव्यातच म्हणाल्या, तर देवळात ओठाला खिरीचं बोट लाव आणि घरी ये. घरी सत्त्व सुरू करू नकोस.

आमच्या वेळी उकड्या तांदळाच्या पेजेचं वरचं पाणी चौथ्यातच द्यायचो. तेव्हा सगळे तसंच करत.

फोंडेकरीण (५ मे, ३:५५)
आजी, हे मला सुचलंच नव्हतं! सातवा म्हणजे जूनअखेर. सांगून बघते आज.

डिचोलीचा_बाबा (५ मे, रात्री ८:४०)
आजींनी पेज काढली म्हणून सांगतो. माझ्या भाच्याची गोष्ट. सहा महिन्यांपर्यंत बाळ छान होतं, रेघेवर. सहाव्याला उष्टावण झालं आणि पेज सुरू केली. दिवसातून तीन वाट्या, घरचे खूश, "कसा जेवतो!" म्हणून. आठव्या-नवव्या महिन्यात रेघ सपाट, मग खाली. पोर पिवळट आणि चिडचिडं. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन उतरलेलं. काय खातो विचारल्यावर वाटी बघायला मागितली, तर वाटीत ढवळायला भाताचे चार कण. बाकी पाणी. दूध मात्र त्या तीन वाट्यांमुळे निम्म्यावर आलेलं, कारण पोट भरलेलं असायचं. त्याला जेवण वाढलं असं दिसत होतं, प्रत्यक्षात अन्न घटलं होतं.

आहारवाली (५ मे, ९:३०)
हा दाखला मोलाचा आहे, कारण आपल्या भागात अडचण बहुतेक सहा महिन्यांनंतर सुरू होते, आधी नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, थोडं भर घालते.

देशाचा आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. म्हणजे तिथे आपण वाईट नाही. घसरगुंडी घन आहाराशी सुरू होते.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला साधारण २०० कॅलरी अन्नातून हव्यात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००. बाळाचं पोट केवढं, तर एका वेळी अर्धी वाटी. त्या अर्ध्या वाटीत पाणी भरलं तर बाळाला मिळणार काय? कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला तर अन्न चमच्यावर टिकलं पाहिजे, ओघळलं नाही पाहिजे. पेज टाकून देऊ नका, तिचा भात मऊ कुस्करून घ्या आणि वरचं पाणी तुम्ही प्या. आपल्याकडे आटवल करतात ना, मूगडाळ घालून गुरगुट्या भात, ते बाळासाठी उत्तम. त्यावर चमचाभर साजूक तूप किंवा खोबरेल. तेल-तुपाने वाटी मोठी न होता कॅलरी वाढतात, बारक्या बाळासाठी तर हाच खरा उपाय. नाचण्याचं तिझान, म्हणजे खीर, करा, पण गूळ न घालता, नारळाच्या घट्ट दुधात. मीठ आणि साखर-गूळ वर्षापर्यंत नको. चवीचा प्रश्न तुमचा आहे, बाळाला त्याची गरज नाही. रसबाळी केळं काट्याने कुस्करा, मिक्सरमध्ये पातळ करू नका. पपई, लाल भोपळा, तांबडी भाजी, सगळं चालतं. आठव्या-नवव्यापासून गुठळ्या राहू द्या, नाहीतर दीड वर्षाचं पोर भाताचा दाणा तोंडातून काढून टाकतं.

आणि अंडं, मासळी. गोव्यात राहून बाळाला मासळी वर्षानंतर देणारी घरं आहेत, मला आश्चर्य वाटतं. सहा महिन्यांनंतर द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात प्राणिजन्य अन्न रोज द्यावं असंच आहे. शाकाहारी घर असेल तर कडधान्यं, दही आणि लोहाचे थेंब यांकडे जास्त लक्ष.

गाईचं दूध प्यायला म्हणून वर्षाच्या आत नको. त्यात लोह नगण्य, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जास्त, शिवाय आतड्यातून थोडं-थोडं रक्त जाऊ शकतं. दही, खिरीत थोडं, ते वेगळं.

साखळीची_सून (६ मे, सकाळी १०:२०)
अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, यांनी दूध वाढतं का? माझ्याकडे चार डबे उरलेत.

सिस्टर_निवृत्त (६ मे, ११:००)
आवडत असेल तर खा, ताकद तुम्हाला येईल. दूध वाढतं ते बाळाने ओढल्यावर. आठ ते बारा वेळा पाजलं, रात्रीचं सोडलं नाही, पकड नीट असली की मागणीप्रमाणे येतं. आणि पंपाने किती निघालं यावरून दूध किती आहे हे ठरवू नका, पंप बाळासारखा ओढत नाही. सीझर झालं असेल तर दूध भरून यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, तेवढ्यावरून ‘दूध नाही’ असा शिक्का नको.

वेर्ण्याची_आई (६ मे, दुपारी १:१५)
मला थेट विचारायचंय. मी वेर्ण्याच्या औषध कंपनीत. बाळ चार महिन्यांचं असतानाच रजा संपते. कायद्याने २६ आठवडे, पण त्यातले आठ आठवडे डॉक्टरांनी बाळंतपणाआधीच घ्यायला लावले. राहिले १८. आता सहा महिन्यांपर्यंतचं कसं करू? वडील माणूस घरी आहे, सासरे. ते पाजायला तयार आहेत, ही मोठी गोष्ट.

आहारवाली (६ मे, २:०५)
सासऱ्यांना नमस्कार सांगा. दूध काढून ठेवायची सवय दोन आठवडे आधीपासून लावा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं, पण मे महिन्यात आपली खोली त्याच्या वर असते, त्यामुळे सरळ फ्रिजमध्ये, दारात नाही तर आत मागच्या बाजूला, चार दिवसांपर्यंत. कंपनीतून आणताना बर्फाच्या पिशव्यांसह बंद थैलीत २४ तास चालतं. बर्फ कडक हवा, वितळलेला नको. बसने येणार असाल तर तो तास धरा. पाजताना भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्ह नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांत संपवा किंवा टाका. सासऱ्यांच्या हातात बाटलीपेक्षा वाटी-चमचा द्या, पुढे अंगावर घेताना बाळ कुरकुर करणार नाही.

कायद्याचं दुसरं कलम विसरू नका. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपानाच्या सुट्ट्या वेगळ्या. कंत्राटी असाल तरी विचारा, गप्प बसू नका. निदान दूध काढायला कडी असलेली खोली मागा. स्वच्छतागृहात काढायला लावत असतील तर लेखी तक्रार.

वेर्ण्याची_आई (६ मे, २:३०)
पाळणाघर आहे, कागदावर. आता विचारते.

सिस्टर_निवृत्त (६ मे, ३:१०)
एक जोड. अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं बाळ असेल आणि आईचं दूध पुरत नसेल, तर डब्याआधी दुग्धपेढीची चौकशी करा. मी नवीन नर्स म्हणून मुंबईत होते तेव्हा शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. दुसऱ्या आईचं दूध निर्जंतुक करून इवल्या बाळांना. तेव्हा लोक नाकं मुरडायचे.

फोंडेकरीण (११ मे, संध्याकाळी ५:४०)
अपडेट. कार्ड घेऊन आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पूर्ण उघडी करून तोललं, लांबी मोजली, डोकं मोजलं. बारकी आहे पण रेघेवर आहे, वरचं काही नको, महिन्याने या. लांबीच्या मानाने वजन ठीक आहे म्हणाले. बरोबर सासूबाईंना नेलं होतं, मुद्दाम. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "डॉक्टर लहान वयाचा आहे." पण सातव्याला राजी झाल्या, आजींची ट्रिक लागू पडली. पाण्याचं मात्र अजून चालू आहे, मी नाही बघत असं वाटलं की चमचा पुढे येतो.

आता एक विचारते, पुढची तयारी म्हणून. मासळी म्हणालात तर सुरुवात कुठल्या मासळीने? आणि लोहाचे थेंब कधीपासून? तिला अंगणवाडीतून मिळतील का?

पेडण्याची_आजी (११ मे, ७:१०)
मुड्डोशी. दुसरं काही नाही. आजारी माणसाला, बाळंतिणीला, पोराला, सगळ्यांना मुड्डोशी. मऊ, हलकी, उग्र वास नाही. उकडून, हळद-मीठ काही नको, हाताने चाचपून काटा काढायचा. डोळ्याने बघून नाही, बोटांनी. दोन वेळा.

आहारवाली (११ मे, ८:००)
आजींशी सहमत, काट्याच्या बाबतीत तर दोनदा सहमत. पहिल्या दिवशी चमचाभर, भाताबरोबर, दुपारच्या वेळी, म्हणजे अंगावर काही उठलं तर दवाखाना उघडा असतो. दोन-तीन दिवस दुसरी नवीन गोष्ट नको. सुकी मासळी आणि खारवलेलं काही नाही, मिठामुळे.

सिस्टर_निवृत्त (११ मे, ८:४५)
लोह: वेळेवर जन्मलेल्या बाळाचा साठा साधारण सहा महिने पुरतो. त्यानंतर सरकारी कार्यक्रमात सहा ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलि लोह-फॉलिकचं सिरप असतं, एका मिलित २० मिलिग्रॅम लोह. आरोग्य केंद्रात नर्सबाईंकडे विचारा, अंगणवाडीतूनही कळेल. २.५ किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ते आधी सुरू करतात, तुमची त्यात नाही. दिल्यावर शी काळी होते, घाबरू नका. दुधाबरोबर लगेच देऊ नका. सिरपची बाटली पोराच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा, जास्त गेलं तर ते खरंच घातक आहे.

पाण्याचा चमचा पुढे आला की तो आपल्या हातात घ्या, म्हणा, "आई, आता पाजायचीच वेळ झाली," आणि लेकीला अंगावर घ्या. वाद घालू नका, वाटी तेवढी उचलून न्या.

फोंडेकरीण (११ मे, ९:२०)
वाटी स्टीलची आहे, सासूबाईंच्या माहेरची. उचलली तर पुढचा धागा त्यावर निघेल.